आज करमलं का?



आपल्या वर्गात फळांची नावे होतात, सणांची होतात, शरीराच्या अवयवांची तर गाण्यासकट होतात. गुडघा, कोपर, घोटा, सगळे येते. पण मन दुखत असेल तर ते सांगायला आपल्या मोठ्या मुलांकडे मराठीत एकच शब्द आहे : टेन्शन. आणि तोही मराठी नव्हे! ही उणीव 2020 साली आपल्याला महागात पडली असे माझे मत आहे.

त्या वर्षी 7 एप्रिलपासून 1 जूनपर्यंत सिंगापुरात 'सर्किट ब्रेकर' होता. जूनअखेर शाळेतली सगळी मुले वर्गात परतली. विद्यापीठातल्या दादा-ताईंची मोठी व्याख्याने मात्र त्यानंतरही पडद्यावरच राहिली. एनयूएसने तर ऑगस्टपासून केंट रिजच्या परिसराचे विभाग पाडले. ज्याने त्याने आपल्याच विभागात बसायचे, जेवायचे. संसर्ग रोखायला ते योग्यच होते. पण पहिल्या वर्षाच्या मुलाला मित्र मिळतात ते व्याख्यानात थोडेच? ते मिळतात बसच्या रांगेत, कॅन्टीनमध्ये, "चल, कोपी घेऊ" म्हणताना. नेमके तेच गेले. कॅमेरा बंद, आवाज बंद, नावाची चौकट तेवढी दिसायची. त्या चौकटीमागे कोणी रडत असेल तर प्राध्यापकांना कळणार कसे?

घरच्यांनाही कळत नव्हते. मूल डोळ्यांसमोर आहे, वेळेवर जेवते आहे, म्हणजे सारे ठीक, असा आपला समज.

महाराष्ट्रातल्या आपल्या भाचे-पुतण्यांची परवड आणखी निराळी. शेवटच्या वर्षाची परीक्षा राज्य सरकार म्हणे नको, यूजीसी म्हणे सप्टेंबरअखेर घ्याच. 28 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की परीक्षेशिवाय उत्तीर्ण करता येणार नाही. तोपर्यंत कित्येक महिने ही मुले पुस्तक उघडून बसली होती, परीक्षा आहे की नाही हे ठाऊक नसताना! पुढे एप्रिल 2021 मध्ये, भारतातल्या दुसऱ्या लाटेत, तिथून येणाऱ्यांना सिंगापूरचे दार बंद झाले ते ऑक्टोबरपर्यंत. इथे वसतिगृहात राहणाऱ्याने आजारी आईवडिलांना भेटायला जावे, तर परत येण्याची खात्री नाही.

अशा मुलांना आपण फोनवर काय विचारत होतो? "जेवलास का? लेक्चर झाले का?" उत्तर यायचे, "हो, आय ॲम फाइन." संपले संभाषण.

आपल्या भाषेत यासाठी केवढे शब्द आहेत! करमत नाही, म्हणजे सगळे आहे पण जीव रमत नाही. हुरहुर, जी कशाची ते सांगता येत नाही. धास्ती, पुढे काही वाईट होईल याची. उबग, रोज तेच ते झाल्याचा. घुसमट, मनातले बोलायला जागाच नसल्याची. 'स्ट्रेस'च्या एका पिशवीत हे सगळे कोंबले की उपाय सापडत नाही. न करमणाऱ्याला सोबत हवी, धास्तावलेल्याला धीर आणि नीट माहिती, उबगलेल्याला चक्क सुट्टी.

कोणी म्हणेल, शब्दांनी आजार बरा होतो काय? नाही होत. आठवडे-आठवडे झोप नाही, अन्न जात नाही, उठावेसे वाटत नाही, असे असेल तर विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडेच जायला हवे. 'समॅरिटन्स ऑफ सिंगापूर'चा 1767 हा फोन चोवीस तास चालू असतो. पण तिथवर जा असे सांगायला आधी घरात कोणाला तरी कळायला हवे ना? "आमच्या वेळी नव्हती असली थेरं" हे वाक्य ज्या घरात ऐकू येते, तिथे मूल काही सांगत नाही.

तेव्हा प्राथमिक शाळेत असलेली आपली मुले आता एकेक करून कॉलेजच्या उंबरठ्यावर येत आहेत. माझी सूचना अशी की पुढच्या सत्रात मोठ्या गटाच्या शब्दसंग्रहात हे पाच शब्द घ्यावेत. पालकांनाही गृहपाठ : जेवताना एकदा मार्कांऐवजी "आज करमलं का?" असे विचारावे. पहिल्या वेळी "काय गं आई, काहीतरीच!" एवढेच ऐकू येईल. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारावे.