दर्यावरचे पूर्वज आणि घाटावरचे वंशज

महाराष्ट्रास इतिहासाचे वेड आहे, हे वाक्य आमच्याकडे इतक्या वेळा उच्चारले जाते की ते खरे आहे की नाही हे तपासून पाहण्याची कोणास गरजच वाटेनाशी झाली आहे. आमचे म्हणणे असे की, हे वेड केवळ जमिनीपुरते आहे. किल्ला, वाडा, वतन, सनद, इनाम यांविषयी आमची स्मरणशक्ती तीव्र; पाणी लागले की ती बुडते. सातशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा किनारा ज्या प्रांताच्या वाट्यास आला, त्या प्रांतातील सुशिक्षित गृहस्थास आपल्या पणजोबांची जमीन किती बिघे होती हे सांगता येते. पण त्यांचा धाकटा भाऊ कोणत्या जहाजावर गेला, हे विचारताच तो आकाशाकडे पाहू लागतो.

हा विषय मोशीसारख्या घाटावरच्या गावी बसून काढावा, याचे कित्येकांस नवल वाटेल. इंद्रायणीच्या काठचे, पुणे-नाशिक रस्त्यावरचे हे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. समुद्र येथून शंभरेक किलोमीटर दूर, आणि मध्ये सह्याद्री आडवा. परंतु भोसरी व चाकण येथील कारखान्यांनी ओढून आणलेल्या बिऱ्हाडांत कोकणातील बिऱ्हाडे थोडीथोडकी नाहीत. कोकणातून मुंबईच्या चाळीत आणि चाळीतून येथील दोन खोल्यांत, असा या घराण्यांचा तीन पिढ्यांचा प्रवास. येथील नव्या इमारतींच्या दारांवरील पाट्या वाचीत गेल्यास एखादी 'सारंग' वा 'तांडेल' अशी आढळते. आज ही आडनावे आहेत. मुळात हे हुद्दे होत. सारंग म्हणजे जहाजावरील खलाशांचा नायक, आणि तांडेल म्हणजे त्याच्या हाताखालचा मुकादम. पाटी रोज पुसली जाते, परंतु तीवर काय लिहिले आहे हे घरातील मुलांस कोणी सांगत नाही.

बिऱ्हाड हलते तेव्हा सर्वांत शेवटी पत्र्याची ट्रंक निघते. तिच्या तळाशी एक जीर्ण वही असते. तीत परकी अक्षरे, शिक्के, एक फोटो आणि अंगठ्याचा ठसा. नव्या घरात जागा नाही, म्हणून ट्रंक भंगारात व वही रद्दीत जाते. रद्दीवाल्यास दोष देण्याचे कारण नाही. तो कागद वजनाने घेतो आणि तसे स्पष्ट सांगतो. दोष त्यांचा, ज्यांस वाचता येते आणि तरीही जे वाचीत नाहीत. ती वही म्हणजे खलाशाच्या नोकरीचा दाखला होय. प्रत्येक सफरीचे जहाज, त्याचा सरकारी क्रमांक, नोकरी कोठे लागली, कोठे सुटली, हुद्दा कोणता आणि वर्तणूक कशी, हे सर्व तीत ओळीने लिहिलेले असते. एखाद्या सरदाराच्या घराण्यात असा एक कागद सापडला असता तर त्यास आम्ही मखमलीत गुंडाळून ठेविले असते.

आमच्या विस्मृतीचे एक उदाहरण देतो. १९१० साली सावरकरांनी मार्सेय बंदरात ज्या बोटीतून उडी घेतली त्या 'मोरिया'चे नाव मराठी शाळेतील मुलांसही पाठ असते. ती बोट पी. अँड ओ. कंपनीची. या कंपनीच्या बोटींवर डेकवर काम करणाऱ्या खलाशांत रत्नागिरी जिल्ह्यातील, विशेषतः कोकणी मुसलमान समाजातील माणसांचा भरणा फार मोठा असे. मग त्या दिवशी त्या बोटीवर आपल्यापैकी कोण होते? दापोली-राजापूरकडील कोणी माणूस त्या वेळी डेकवर उभा होता काय? शंभरांहून अधिक वर्षे आम्ही त्या उडीवर भाषणे करीत आलो. हा प्रश्न सभेत कोणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तसेच, १८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या; त्या प्रवासाची हकीकत आम्ही आदराने वाचतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या काळच्या आगबोटींच्या भट्टीपुढे उभे राहून कोळसा ओढणारे आगवाले कोण होते, याची आम्हांस जिज्ञासा नाही. प्रवासी इतिहासात गेला. त्यास नेणारा माणूस बोटीच्या पोटातच राहिला.

याचे मूळ आमच्या कुलवृत्तांतांच्या पद्धतीत आहे. गेल्या शतकात मराठीत अनेक घराण्यांचे कुलवृत्तांत मोठ्या कष्टाने छापले गेले. त्यांच्या संपादकांचा आम्हांस आदर वाटतो. तरीही सांगितले पाहिजे की, या ग्रंथांत पदवी, वतन आणि नोकरी यांना जेवढी जागा आहे तेवढी परागंदा झालेल्या माणसास नाही. समुद्रोल्लंघनास प्रायश्चित्त सांगणाऱ्या समाजात दर्यावर गेलेल्याचे नाव न घेणेच सोयीचे होते. 'ठावठिकाणा नाही' एवढे दोन शब्द लिहिले की शाखा संपली! आणि ज्यांच्या घरांत खरोखर पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर्दी निपजले त्या खारवी, गाबीत, भंडारी, कोळी आणि कोकणी मुसलमान घराण्यांपैकी कितीकांचे कुलवृत्तांत आपल्या ग्रंथालयांत आहेत? राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे धुंडाळली आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापण्यास आरंभ केला. त्या कार्याचे ऋण फिटणारे नाही. पण देशमुख-देशपांड्यांच्या माळ्यांवर जी दृष्टी गेली ती सारंगाच्या ट्रंकेवर त्यांच्यानंतरच्या सव्वाशे वर्षांत आम्ही नेली नाही, ही आमची उणीव आहे.

यावर आक्षेप ठरलेला आहे: "साधनेच नाहीत, इतिहास लिहावयाचा कशावरून?" हा आक्षेप घेणाऱ्यांनी साधने शोधली आहेत काय, एवढेच आम्ही विचारतो. १८५५ पासून ब्रिटिश नोंदणीच्या प्रत्येक जहाजास एक कायमचा सरकारी क्रमांक मिळू लागला. जहाजाचे नाव बदलो वा मालक बदलो, क्रमांक बदलत नसे. हा क्रमांक हाती लागला की अर्धे काम झाले. कारण खलाशांच्या करारपत्रांची जुडगी याच क्रमांकावर लावलेली आहेत. १८६३ ते १९३८ या काळातील अशा करारपत्रांपैकी सुमारे सत्तर टक्के आज कॅनडातील न्यूफाउंडलंड येथील मेमोरियल विद्यापीठात आहेत. १९७० च्या सुमारास इंग्लंडात जागेअभावी या कागदांचा नाश होण्याची वेळ आली, तेव्हा त्या थंड बेटावरील विद्यापीठाने ते जहाजे भरून नेले. ज्या वर्षांच्या अखेरीस पाचाचा आकडा येतो अशा बहुतेक वर्षांची करारपत्रे लंडनजवळ ग्रीनिच येथील सागरी संग्रहालयात आहेत. त्यांपैकी १९१५ ची नावनिशी तर उतरवून सर्वांस विनामूल्य खुली केलेली आहे. जहाज केवढे, कोणाचे, कोठे बांधलेले, हे लॉइड्सच्या वार्षिक नोंदवहीत सापडते. ती अठराव्या शतकापासून निघत आली आहे.

परदेशाचे नाव काढताच ज्यांचा स्वाभिमान दुखावतो त्यांनी मुंबईस जावे. मशीद बंदराजवळच्या खलाशांच्या वसतिगृहात पहिल्या महायुद्धात समुद्रात नाहीशा झालेल्या दोन हजारांहून अधिक भारतीय खलाशांचे स्मारक आहे; दुसऱ्या महायुद्धातील सुमारे साडेसहा हजार नावांचा ग्रंथही मुंबईस आहे आणि त्याचीच जोडप्रत चितगाव येथे ठेविली आहे. युद्धस्मारकांच्या मंडळाने यांतील नावे, हुद्दे, जहाजे व मृत्यूच्या तारखा घरबसल्या पाहता येतील अशा ठेविल्या आहेत. मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात मरीन खात्याची दप्तरे आहेत. ग्रंथांचेही तसेच. रत्नागिरी व सावंतवाडीचे गॅझेटिअर १८८० चे, चार्ल्स लो याचा भारतीय नौदलाचा इतिहास १८७७ चा, राधाकुमुद मुखर्जींचा भारतीय जहाजरानीवरील ग्रंथ १९१२ चा. हे तिन्ही आज कोणासही फुकट वाचता येतात. भा. कृ. आपटे यांनी मराठ्यांचे आरमार व व्यापारी जहाजे यांवर लिहिलेला १९७३ चा ग्रंथ मोठ्या ग्रंथालयांतून मिळतो. साधने नाहीत असे म्हणणाऱ्याने यांपैकी एकाचे तरी पान उलटले आहे काय?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि त्यास आम्ही टाळीत नाही. इंग्रजांनी ज्यांस 'लास्कर' म्हटले त्यांची करारपत्रे पुष्कळदा गोऱ्या खलाशांहून निराळी केली जात. त्यांपैकी फार थोडी उरली, आणि उरली त्यांत नावांची अक्षरे अशी मोडलेली की सखारामाचा पत्ता लागू नये. हे खरे आहे. लो याच्या ग्रंथातही गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे आहेत, आमच्या माणसांची केवळ संख्या आहे. परंतु यावरून निघणारे अनुमान आक्षेपकांच्या अनुमानाच्या नेमके उलट आहे. सरकारी कागद जेथे मुका आहे तेथे घरातील कागदाचे मोल शतपट वाढते. सारंग आपल्याच गावची व नात्याची माणसे जहाजावर घेत असे. म्हणून सखाराम सापडला नाही तरी त्याचा सारंग सापडू शकतो, आणि सारंगाच्या मागोमाग गाव सापडते. गोमंतकीय खलाशांनी मुंबईत गावागणिक 'कूड' स्थापिले. गावचा माणूस जहाज लागेपर्यंत तेथे राही. अशा ठिकाणची एखादी वही मोडक्या इंग्रजी नावास त्याचे खरे नाव परत देऊ शकते. ही वही लंडनास नाही, कॅनडासही नाही. ती आपल्याकडे आहे, आणि आपणच ती विकतो.

येथे मॉरिशसची गोष्ट ध्यानात घ्यावी. १८३४ पासून त्या बेटावर गिरमिटाने जे मजूर गेले त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही होते. कलकत्ता व मद्रास यांच्या मानाने त्यांची संख्या थोडी. पण त्यांपैकी बहुतेकांचे नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, उंची, अंगावरील खूण आणि जहाज यांची नोंद झाली. त्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेविल्या आहेत. वसाहतीच्या सरकारने त्या वह्या प्रेमापोटी लिहिल्या नाहीत. मजूर पळून जाऊ नये म्हणून लिहिल्या. तरीही आज त्या मजुराच्या पणतूस आपल्या पणजोबाच्या गालावरील व्रण कोणत्या बाजूस होता हे कळू शकते; आणि त्याच गावी मागे राहिलेल्या भावाच्या पणतूस, जो आज मोशीस सुखाने राहतो, असा कोणी पणजोबा होता हेही ठाऊक नाही! ज्यास गुलामाप्रमाणे मोजले त्याचा वंशज आपल्या पूर्वजास ओळखतो, आणि जो स्वतंत्र राहिला त्याचा वंशज ओळखत नाही, ही स्थिती आम्हांस लाजिरवाणी वाटते.

आणखी एका प्रवृत्तीचा समाचार घेणे प्राप्त आहे. घरात कागद नाही, म्हणून कित्येक जण थेट कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराशी नाते जोडतात. कान्होजी १७२९ साली निवर्तले. १७५६ साली विजयदुर्गास आंग्र्यांचे आरमार इंग्रज व पेशवे यांनी मिळून बुडविले. या दोन तारखा ठाऊक नसलेला मनुष्यही आपला पूर्वज त्या आरमारात गलबताचा सरदार होता असे छातीठोक सांगतो. सर्वच सरदार असतील तर वल्ही कोण मारीत होते? दंतकथेतील सरदारापेक्षा वहीतील आगवाला आम्हांस अधिक पूज्य वाटतो, कारण तो होऊन गेला आहे.

हे सर्व आजच का, असे विचारले जाईल. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसे गेली. जहाजाच्या खलाशाचे नाव कोठे तरी करारावर असते. किनाऱ्यावरील बोटीच्या उतारूने तिकीट काढले म्हणजे त्याचे नाव लिहिले गेले असे नव्हे. अशा माणसाची नोंद घरच्यांच्या आठवणीतच असते, आणि ज्यांनी तो दिवस कळत्या वयात पाहिला ते आज नव्वदीच्या आसपास किंवा पलीकडे आहेत. कागद आणखी काही वर्षे वाट पाहील. ही माणसे पाहणार नाहीत.

तेव्हा आमचे मागणे थोडके आहे. ट्रंक टाकण्यापूर्वी तिची यादी करावी. वहीतील जहाजांची नावे, क्रमांक व तारखा उतरून घ्याव्यात. फोटोच्या मागे नाव लिहावे. कुलवृत्तांत काढणाऱ्या मंडळांनी 'ठावठिकाणा नाही' असे लिहिण्यापूर्वी निदान एक पत्र धाडावे. पिंपरी-चिंचवडसारख्या धनाढ्य नगरीच्या सार्वजनिक वाचनालयांत दर्यावर्दी ग्रंथांचे एक कपाट असावे, आणि राज्य सरकारने मरीन खात्याच्या दप्तरांची सूची मराठीतून सर्वांस खुली करावी. येथून रोज शेकडो मालमोटारी चाकणचा माल न्हावाशेवाच्या बंदराकडे नेतात; समुद्र या नगरीस पोसतो आहे. ज्यांनी त्या समुद्रावर आयुष्य काढले त्यांची नावे तिने विसरावीत, यास दारिद्र्याची सबब चालणार नाही आणि अज्ञानाचीही नाही. वही घरात आहे आणि वाचणाराही घरातच आहे. आता ती उघडली नाही तर पुढील पिढीने आम्हांस काय म्हणावे, हे त्या पिढीवरच सोपविलेले बरे.