पैठणचे ग्रीक नाव कसे वाचावे?

गंगाखेडच्या घाटाला लागणारी गोदावरी आधी पैठणवरून येते. परभणीच्या तरुण इतिहासप्रेमींना सातवाहनांची ही राजधानी परकी नाही. तिचे ग्रीक नाव मात्र बहुधा इंग्रजी पुस्तकांतूनच त्यांच्यापर्यंत पोहोचते. इ.स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’मध्ये ती ‘पैथाना’ आहे, बारिगाझापासून, म्हणजे भडोचपासून, वीस दिवसांच्या वाटेवर. दुसऱ्या शतकातील टॉलेमी तिला ‘बैथाना’ म्हणतो.

टॉलेमीचे तेच शब्द आजचा अथेन्समधील विद्यार्थी ‘वेथना’ असे काहीसे वाचेल. अक्षरे बदलली नाहीत. बीटाचा ‘ब’ मात्र ‘व’ झाला, ‘ऐ’चा ‘ए’ झाला आणि थीटा दातांशी जीभ घासून निघू लागला, इंग्रज माणूस ‘थँक यू’ म्हणतो तसा.

प्राचीन थीटा म्हणजे मराठीतला महाप्राण ‘थ’. अगाथोक्लीस या यवन राजाच्या नाण्यांवर एका बाजूस ग्रीक व दुसऱ्या बाजूस ब्राह्मी लेख आहे, आणि थीटाच्या जागी ‘थ’ कोरलेला आहे. एवढ्याने सिद्ध होत नाही, कारण ‘थँक यू’ही मराठीत ‘थ’नेच लिहितात. रोमनांची साक्ष अधिक भक्कम आहे. त्यांच्या लिपीत ‘एफ’ असूनही ग्रीक फायसाठी त्यांनी ‘पी’पुढे ‘एच’ जोडला; फाय तेव्हा ओठ मिटून उच्चारला जाणारा ‘फ’ होता. आज शहरी मराठीत ‘फळ’ आणि ‘फूल’ ओठ न मिटताच उच्चारले जाऊ लागले आहेत. फायचे घडले ते हेच.

जुना उच्चार असा पुन्हा उभा करण्याची मागणी इरॅस्मसने १५२८ साली मांडली. ग्रीकांना ती रुचली नाही, आणि त्यात नवल नाही. जनाबाईंचे अभंग गंगाखेडला आजच्याच उच्चारांत गायिले जातात. त्यांना अशुद्ध कोण म्हणेल? परंतु ‘वेथना’वरून पैठण ओळखू येत नाही. स्थळनामांचा शोध घेणाऱ्याला जुना उच्चारच हवा, आणि त्यासाठी मराठी विद्यार्थ्याने इंग्रजी वळणाचा घासलेला ‘थ’ उसना घेणे अनाकलनीय आहे. ‘त’ आणि ‘थ’, ‘प’ आणि ‘फ’ हा भेद त्याच्या बाराखडीतच आहे.

‘ऐ’विषयी मात्र सावध राहावे. टॉलेमीच्या काळी तो ‘ए’कडे झुकत चालला होता, तेव्हाचा एखादा ग्रीक व्यापारी ‘पेथाना’ही म्हणत असेल.