तिच्यापुरती भाकरी

गिरणीत गेलं की ओळखीच्या दोन-चार जणी भेटतातच. गेल्या वर्षी अशीच रांगेत उभी होते. पुढे आमच्या बचत गटातल्या एक वहिनी. हातात गव्हाचा मोठा डबा आणि पिशवीत तळाशी किलोभर ज्वारी. गहू दळून झाले तसं त्या हळूच म्हणाल्या, "दादा, हे जरा ज्वारीवर ज्वारी टाकाल का?" गिरणीवाले दादा वैतागले. "एवढ्या किलोभरासाठी कुठं थांबता ताई? गव्हावरच टाकतो, काय होतंय त्याला!" वहिनी गप्प झाल्या. मग मीच पुढे होऊन म्हटलं, "आम्ही थांबतो. कुणाची तरी ज्वारी येईल, तिच्यामागे आमची दळा."

थांबल्या-थांबल्या मी विचारलं, "घरात ज्वारी कुणाला लागते?"

"माझ्यापुरतीच हो. पोळी खाल्ली की पोट टम्म फुगतं. कधी जुलाब, कधी नुसती कळ. पण घरात बोलायची सोय नाही. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी नव्हती असली थेरं! मग सगळ्यांचं आवरलं की माझी एक भाकरी टाकते. कंटाळा आला की उरलेली पोळी खाते आणि वर पित्ताची गोळी घेते."

मैत्रिणींनो, मला त्या सासूबाईंचं म्हणणं अगदी पटलं. त्यांच्या वेळी हे नव्हतंच. कारण त्यांच्या वेळी रोजची पोळीही नव्हती! ज्वारीच्या मुलखात ज्वारीची, कोकणात तांदळाची, डोंगरपट्ट्यात नाचणीची, थंडीत बाजरीची. रोजची ती भाकरी आणि सणाची ती पोळी, असा हिशेब होता. साठच्या दशकाअखेर हरितक्रांती आली, रेशनवर गहू आला आणि बघता बघता भाकरी गरिबाची आणि पोळी प्रतिष्ठेची ठरली. पाहुण्याच्या ताटात भाकरी वाढायची आपल्याला लाज वाटू लागली. तेव्हा आज कुणी 'पर्यायी पीठ' म्हटलं की दचकायचं कारण नाही. आपल्या आजीचं ते रोजचंच पीठ!

पण एक गोष्ट आधी सांगते, कारण तिथे मी स्वतः चुकले आहे. माझंही पोट नाजूक. कुणी सांगितलं 'गहू सोड', मी सोडला. तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे गेले, तर ते म्हणाले, "ताई, आता तपासणीत खरं काही कळायचं नाही. काही आठवडे पुन्हा पोळी खा, मग या." झालं! पुन्हा पोळी, पुन्हा पोटदुखी, आणि मग तपासणी.

ही तपासणी कसली, तर सिलिअ‍ॅक नावाच्या आजाराची. गव्हात, तसंच जवात, ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. काही जणांचं शरीर त्याच्यावर असं उलटतं की स्वतःच्याच आतड्याचं अस्तर खराब करतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाबद्दल आधीपासूनच शंका होती. १९४४-४५च्या हिवाळ्यात, महायुद्धात, तिथे पावाचा दुष्काळ पडला. अशा वेळी ही आजारी मुलं खरं तर आणखी खंगायची, पण ती सुधारली. पुन्हा पाव मिळू लागला, तशी पुन्हा आजारी पडली! शंका खरी ठरली.

आज यासाठी टीटीजी नावाची रक्ततपासणी असते. गरज वाटली तर दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासतात. मात्र तपासणीच्या वेळी पोटात गहू जात असला पाहिजे. म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी तपासणी, मग पथ्य. वजन उतरतंय, शौचातून रक्त जातंय, जुलाब थांबत नाहीत किंवा लोहाच्या गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही, यातलं काहीही असेल तर पीठ बदलत घरी बसू नका. डॉक्टर गाठा.

माझ्या तपासणीत सिलिअ‍ॅक निघाला नाही. आतडं हळवं आहे, गहू जास्त झाला की सोसत नाही, एवढंच. वहिनींचं मात्र वेगळं निघालं. दोन वर्षं त्या लोहाच्या गोळ्या घेत होत्या. 'बायकांना अ‍ॅनिमिया असतोच' म्हणून कुणी खोलात गेलं नव्हतं. तपासणी केली, तर सिलिअ‍ॅक! त्यावर उपाय एकच, गहू जन्मभर पूर्ण बंद. थोडासुद्धा नाही. आता आठवा ते गिरणीतलं 'गव्हावरच टाकतो, काय होतंय!' त्यांच्यापुरतं बरंच काही होत होतं.

ज्यांना सिलिअ‍ॅक आहे त्यांनी नावावर भुलू नये. रवा, मैदा, शेवया, दलिया हे सगळे गव्हाचेच अवतार. खपली गहू पचायला हलका म्हणून हल्ली महाग विकला जातो, पण तोही गहूच, त्यातही ग्लुटेन आहे. 'मल्टिग्रेन' आट्यात बहुतेक वेळा मोठा वाटा गव्हाचाच. थालीपीठाच्या भाजणीत गहू असतो, सातूच्या पिठातही असतो. आणि आपल्या फोडणीतल्या डबीबंद हिंगातसुद्धा पुष्कळदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं! डबीवरची बारीक अक्षरं वाचायची सवय लावा. घरात लाकडी पोळपाट-लाटणं वेगळं ठेवा, तवा घासून घ्या आणि आधी भाकरी, मग पोळ्या.

ज्यांचं पोट नुसतं हळवं आहे त्यांना इतकं कडक पाळायची गरज नाही. गव्हात फ्रुक्टन नावाचं एक कर्बोदक असतं. ते काहींच्या आतड्यात आंबतं आणि वात धरतो. हेच फ्रुक्टन कांद्यात आणि लसणातही असतं बरं का! तेव्हा भाकरीबरोबर कांदा फोडून खाल्ला, वर लसणाची चटणी घेतली आणि पोट फुगलं, तर दोष भाकरीला देऊ नका.

आता पिठांकडे वळू. माझा अनुभव असा की एका वेळी एकच पीठ बदलावं. पाच धान्यं एकत्र दळून आणली तर कशानं बरं वाटलं आणि कशानं बिघडलं, हे कळणार कसं? दोन आठवडे एक पीठ, आणि सोबत एक साधी वही. काय खाल्लं, किती खाल्लं, पोट कसं होतं. सुरुवात ज्वारीनं करावी. एकदम तीन भाकऱ्या नकोत. अर्धी, मग एक. भाकरीत कोंडा जास्त असतो, पोटाला सवय व्हायला वेळ लागतो. पाणी भरपूर प्या.

तांदळाचं पीठ सगळ्यात हलकं. पोट बिघडलेलं असेल त्या दिवशी तांदळाची उकड किंवा भाकरी चालते. नाचणीत कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम. चाळिशीनंतर आपल्याला ते हवंच असतं. नाचणीची आंबील सकाळी घेऊन पाहा. बाजरी पौष्टिक, पण काहींना जड जाते. बेसन, सोयाबीन यांत ग्लुटेन नसलं तरी वात धरण्याचा गुण आहे, ती बेतानं. राजगिरा, शिंगाडा, वरी ही तर आपली उपासाची पिठं. एकातही गहू नाही. भगरीचं पीठ मात्र सुटं, जुनं आणू नका. भगर निवडून, धुऊन, वाळवून लागेल तेवढीच दळा.

भाकरी जमत नाही, ही नव्या मुलींची तक्रार. पीठ जुनं झालं की भाकरी थापताना तुटते आणि बाजरीचं तर कडू होतं. म्हणून आठ-दहा दिवसांपुरतंच दळा. पाणी उकळतं घ्या, पीठ तळहातानं चांगलं रगडून मळा. थापता येत नसेल तर उकड काढून लाटा. गोल झाली नाही तरी पोटात जाऊन काही बिघडत नाही.

खरी अडचण पिठाची नाहीच, वेळेची आणि मनाची आहे. सकाळी सहा जणांच्या पोळ्या लाटल्यावर स्वतःसाठी परात पुन्हा मांडायची कुणाला हौस असते? नवऱ्याला मधुमेह झाला की त्याचं पथ्य आपण न चुकता सांभाळतो. मुलाला दूध सोसत नाही म्हणून पर्याय शोधतो. स्वतःचं पोट दुखलं की मात्र 'माझं काय, चालतंय!' अहो, का चालतंय? आणि घरच्यांनाही सांगायला हवं की हे नखरे नाहीत, तिचं हे औषध आहे. आठवड्यातून दोन-तीन दिवस सगळ्यांनाच भाकरी केली तर वेगळी परातही नको आणि तिनं ओशाळायलाही नको. ती पोळ्या लाटत असताना घरातल्या कुणी तिची एक भाकरी थापली तर फारच उत्तम!

एक मागणी मात्र घराबाहेरची आहे. भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं. भाषणं झाली, पाककृतींच्या स्पर्धा झाल्या. पण आमच्याकडे दुकानात ज्वारी गव्हापेक्षा महाग. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्यात रेशनवर तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो असं लिहिलेलं आहे. २०२३ पासून तर ते धान्य मोफत आहे. मग आमच्या पिशवीत गहू-तांदूळच का? ज्वारी-नाचणी का नाही? कायद्यातच तरतूद आहे, तर ग्रामसभेत आणि तहसीलदारांपुढे हा प्रश्न मांडायला आपल्या बचत गटांनी कचरू नये. जिच्या पोटाला गहू चालत नाही आणि हातात पैसा नाही, ती बाई काय खात असेल, याचा विचार करा.

आमच्या गटानं तूर्त एक साधी गोष्ट केली. गिरणीवाल्या दादांना समजावून सांगितलं. आता दर मंगळवारी सकाळी गिरणी पुसून ते आधी तांदूळ, मग ज्वारी-नाचणी दळतात. गहू त्यानंतर. सुरुवातीला आम्ही चौघीच होतो, आता चौदा जणी येतात. त्यातल्या कितीतरी जणींनी पूर्वी पोटाची तक्रार कधी बोलूनच दाखवली नव्हती. वहिनींचं हिमोग्लोबिन हळूहळू चढतंय. आणि परवा त्यांच्या सासूबाईच डबा घेऊन रांगेत उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "ज्वारीवर ज्वारीच टाकायला सांग हो, सुनेला लागते."

तुमच्या गावच्या गिरणीत असा एक दिवस ठरवता येईल का? विचारून तर बघा.