काट्यावरचा संगणक आणि गळीत हंगाम



लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाची प्रणाली नवी केली, की कधी कधी जुना प्रोग्राम उघडतच नाही. लगेच ‘संगणक बिघडला’ अशी ओरड होते. पण यंत्र बहुधा ठणठणीत असते. अनेक प्रोग्राम सामाईक लायब्ररींवर चालतात. लायब्ररी बदलली की ते अडतात. २०२२ साली उबुंटूच्या २२.०४ आवृत्तीत ओपनएसएसएल १.१ जाऊन ३ आली, तेव्हा हेच झाले.

अशा वेळी ‘एलडीडी’ ही आज्ञा चालवावी. कोणती लायब्ररी सापडत नाही ते नावानिशी कळते. नव्या फाइलीला जुने नाव देऊन वेळ मारून नेण्यास मात्र आमचा विरोध आहे. पाटी बदलून माल बदलत नाही! प्रोग्राम करणाऱ्याकडून नव्या लायब्ररीवर बेतलेली आवृत्ती घ्यावी, हाच खरा उपाय.

सुरक्षेसाठी प्रणाली नवी करावीच लागते. ओपनएसएसएल १.१.१ चा सर्वसाधारण आधार सप्टेंबर २०२३ मध्येच संपला. पण मोठा बदल गाळप बंद असताना, आधी दुसऱ्या संगणकावर चालवून पाहूनच व्हावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. ऐन हंगामात काटा अडला तर गाड्या रांगेत उभ्या राहतात, ऊस वाळतो, वजन घटते. ते नुकसान शेवटी शेतकऱ्याच्याच माथी बसते.