पागलखाना चौकाच्या पलीकडे

नागपुरात सदरहून मानकापूरकडे निघालात की छिंदवाडा रस्त्यावर एक चौक लागतो. ऑटोवाल्याला ‘प्रादेशिक मनोरुग्णालयाजवळ सोडा’ असे सांगितले तर तो क्षणभर विचारात पडेल. ‘पागलखाना चौक’ म्हटले की लगेच ‘बसा’ म्हणेल. या नावाचे आपल्याला काही वाटेनासे झाले आहे. पत्ता सांगताना आपण ते बिनदिक्कत उच्चारतो, मित्राची चेष्टा करताना वापरतो आणि हट्ट करणाऱ्या पोराला भीती घालायलाही तेच कामी येते. पण ज्याच्या घरात कोणाचे तरी मन आजारी आहे, त्याला त्या चौकातून नुसते जायचे म्हटले तरी मान खाली घालावीशी वाटते.

अशी घरे आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असतात. निवृत्त झालेले वडील हळूहळू वर्तमानपत्र वाचायचे सोडतात. पहाटे तीनला उठून अंधारात बसून राहतात. जेवण अर्ध्यावर टाकतात. मग धावपळ सुरू होते. ईसीजी निघतो, थायरॉइड तपासले जाते, पोटाचे डॉक्टर होतात. कोणी ग्रहशांत सुचवतो, कोणी घराचे दार बदलायला सांगतो. सहा-आठ महिने गेल्यावर एखादा भाचा चाचरत म्हणतो, ‘मामा, एकदा मनाच्या डॉक्टरांना दाखवू या का?’ आणि मामा एकदम उसळून म्हणतात, ‘मला काय वेड लागले आहे?’

या एका प्रश्नाशी असंख्य रुग्णांचा उपचार अडून बसलेला आहे. दुखणे हत्तीच्या पावलाने येते आणि मुंगीच्या पावलाने जाते, असे आपल्याकडे म्हणतात. मनाचे दुखणे मात्र येतानाही मुंगीच्याच पावलाने येते. त्यामुळे ते आले आहे हे कळायलाच उशीर होतो आणि कळल्यावर ते लपवण्यात आणखी काळ जातो.

भिंत कोणासाठी?

ही भीती काही आकाशातून पडलेली नाही. १८६१ मध्ये ब्रिटिशांनी मध्य प्रांताची स्थापना केली आणि नागपूरला राजधानी केले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८६४ मध्ये, येथे हे मनोरुग्णालय सुरू झाले. १८५८ च्या कायद्याने देशभर अशी ‘असायलम’ उभी राहत होती. वेडसर माणसाला समाजापासून दूर, बंदोबस्तात ठेवणे हाच त्या कायद्याचा मुख्य हेतू होता. १९१२ च्या कायद्यानेही ही दृष्टी फारशी बदलली नाही. स्वतंत्र भारताला नवा मानसिक आरोग्य कायदा करायला १९८७ साल उजाडावे लागले आणि तो लागू झाला १९९३ मध्ये. म्हणजे चार-पाच पिढ्यांनी या उंच भिंतीकडे तुरुंगाच्या भिंतीकडे पाहावे तसेच पाहिले. आपल्या तोंडातला ‘पागलखाना’ हा शब्द त्या काळाची शिल्लक आहे.

आज तेथील चित्र बरेच निराळे आहे. बाह्यरुग्ण विभागात माणसे येतात, तपासून घेतात, गोळ्या घेऊन त्याच दिवशी घरी परततात. २०१६ पासून राज्य सरकार आणि टाटा ट्रस्ट यांनी ‘उडान’ या नावाने येथील सेवा सुधारण्याचे आणि जिल्ह्यात पोहोचवण्याचे काम हाती घेतले. ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ या आपल्या दोन्ही जुन्या सरकारी रुग्णालयांतही मानसोपचार विभाग आहेत. तेथे इतर आजारांसाठी काढतात तशीच चिठ्ठी काढून जाता येते. ही साधी गोष्ट नागपूरच्या किती घरांना ठाऊक आहे? आणि ज्यांना ठाऊक आहे, त्यातले किती जण चेहऱ्यावर रुमाल न बांधता तेथे जातात?

नव्या कायद्याने तर मोठी मजल मारली आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ मध्ये अमलात आला. सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे, असे त्याने सांगितले. विमा कंपन्यांनी शरीराच्या आजाराप्रमाणेच मनाच्या आजारालाही संरक्षण द्यावे, असेही त्यात आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे आणि तिला शिक्षेऐवजी मदत द्यावी, ही त्यातली सर्वांत माणुसकीची तरतूद म्हणावी लागेल. परंतु हक्क कागदावर असला तरी रुग्ण राहतो धारणीच्या पलीकडच्या पाड्यात किंवा भामरागडच्या जंगलात. त्याच्यासाठी उपचार म्हणजे दिवसाचा प्रवास, दोघांची बुडालेली मजुरी आणि गावात उठणारी कुजबुज.

आकडे काय सांगतात?

बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. निवडलेल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण आपले शेजारी मध्य प्रदेश आणि छत्तीसगड होते. या पाहणीत सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. त्याहून अस्वस्थ करणारा आकडा पुढेच आहे. नैराश्याच्या दर १०० रुग्णांपैकी ८५ जणांना कसलाही उपचार मिळत नव्हता. हृदयविकाराच्या १०० पैकी ८५ रुग्णांना डॉक्टर भेटत नाही असे उद्या कोणी सांगितले तर विधिमंडळ बंद पडेल. मनाच्या बाबतीत मात्र साधी कुरकुरही होत नाही.

याचे नेहमीचे उत्तर असते, ‘डॉक्टर कुठे आहेत?’ ते खरेही आहे. देशात एक लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा भरत नाही आणि जे आहेत ते बहुतेक शहरांत आहेत. तज्ज्ञांची संख्या पुरेशी होईपर्यंत थांबायचे ठरवले तर आजच्या रुग्णांची उमर निघून जाईल. मग काय करायचे? याचे उत्तर शोधण्यासाठी नागपूरकरांना लांब जायला नको. ते शेजारच्या अमरावती जिल्ह्यात शोधले गेले आहे.

तीस गावांचा अनुभव

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विदर्भाचे नाव देशभर दुःखाने घेतले जात होते. त्या काळात गोव्यातील ‘संगत’ या संस्थेने स्थानिक सहकाऱ्यांसह अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवला. त्याचे निष्कर्ष डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात मांडले.

कार्यक्रमाची रचना साधी होती. गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांनी लोकांशी बोलायचे, कोण खचले आहे ते ओळखायचे आणि पहिला आधार द्यायचा. त्याच्या वरच्या पायरीवर प्रशिक्षण घेतलेले समुपदेशक. ते डॉक्टर नव्हेत, पण धीराने ऐकणारे आणि ठरावीक पद्धतीने मदत करणारे. ज्यांचा आजार तीव्र असेल त्यांच्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ. म्हणजे उपचार रुग्णाच्या दाराशी गेला आणि जेथे तज्ज्ञ खरोखर लागतो तेथेच तज्ज्ञाचा वेळ खर्च झाला.

काय घडले? नैराश्य असलेल्यांपैकी ज्यांनी मदत घेतली होती त्यांचे प्रमाण आधी ४.३ टक्के होते. दीड वर्षानंतर ते २७.२ टक्के झाले, म्हणजे सहापटीहून अधिक. ही वाढ एखाद्या सधन किंवा शिकलेल्या थरापुरती नव्हती. स्त्री-पुरुष, जात, धर्म, उत्पन्न या सगळ्यांत ती सारखी दिसली. वर्षभरात आत्महत्येचे विचार मनात आले असे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. या घटीचे सगळे श्रेय कार्यक्रमाला देता येणार नाही, कारण तुलनेसाठी दुसरी गावे घेतलेली नव्हती. शिवाय २७ जणांना मदत मिळाली म्हणजे ७३ जण अजूनही राहिले, हेही विसरू नये. पण एक गैरसमज या अभ्यासाने कायमचा मोडला. ‘आपल्या खेड्यातली माणसे मनाच्या आजारासाठी मदत घेतच नाहीत’ असे म्हटले जात होते. खेड्यातली माणसे मदत घेतात. ती त्यांच्यापर्यंत गेली पाहिजे आणि त्यांच्या भाषेत बोलली पाहिजे, एवढेच.

भाषेचा मुद्दा लहान नाही. ‘तुम्हाला नैराश्य आहे का?’ असे विचारले तर वऱ्हाडातला शेतकरी मान हलवून नाही म्हणेल. ‘टेन्शन आहे का भाऊ? झोप लागते का?’ असे विचारले तर तो अर्धा तास बोलेल. देवऋषीकडे गर्दी का होते याचाही उलगडा येथे होतो. तो गावातच असतो, वेळ देतो आणि आधी ऐकून घेतो. त्याचा इलाज खोटा असला तरी त्याचे ऐकणे खरे असते. आरोग्यसेवेने त्याच्याकडून एवढे शिकायला हरकत नाही.

बोलण्याने बरे वाटते?

कोणी विचारील, नुसत्या बोलण्याने आजार बरा होतो का? याचीही परीक्षा झाली आहे. गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मध्यम ते तीव्र नैराश्याच्या रुग्णांना प्रशिक्षित पण बिगर-डॉक्टर समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांचा मानसोपचार दिला. दुःखामुळे माणूस जी कामे, ज्या भेटीगाठी सोडून देतो, त्या छोट्या छोट्या पायऱ्यांनी पुन्हा सुरू करायला लावणे हा त्याचा गाभा होता. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के रुग्ण आजारातून बाहेर आले होते. केवळ नेहमीची सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. तिकडे आफ्रिकेत झिम्बाब्वेच्या हरारे शहरात डॉ. डिक्सन चिबांडा यांनी दवाखान्याच्या आवारातील बाकावर वस्तीतल्या आजीबाईंना बसवले, त्यांना शिकवले आणि तेथेही रुग्णांना गुण आल्याचे २०१६ मध्ये दाखवून दिले.

येथे दोन इशारे द्यायला हवेत. स्किझोफ्रेनिया किंवा उन्माद यांसारख्या आजारांत औषधे आणि तज्ज्ञ अपरिहार्य आहेत. तेथे समुपदेशन पूरक ठरेल, पर्याय नाही. आणि कर्ज, नापिकी, पडलेला कापसाचा भाव यांवर समुपदेशनाचा उतारा नाही. शेतकऱ्याला पैसा हवा तेथे पैसाच दिला पाहिजे. पण कर्जाच्या जोडीला मनही खचले असेल, तर मदत मागायला उठण्याचे बळही त्याच्यात उरत नाही. दोन्ही दुखण्यांकडे पाहावे लागेल.

प्रकल्प संपतो, आजार संपत नाही

आपली खरी अडचण निराळीच आहे. आपल्याकडे चांगले प्रकल्प निघतात. त्यांचा निधी संपला की समुपदेशकही जातात. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला आणि आशाताईंना घरोघरी जाऊन खचलेली माणसे हेरण्याचे काम दिले. दिशा योग्यच होती. पण आशाताईंच्या डोक्यावर आधीच बाळंतपणे, लसीकरण, क्षयरोग अशी ओझी आहेत. नव्या कामाचा रीतसर मोबदला, वेळ आणि प्रशिक्षण न देता ते सोपवले, तर फक्त रकाने भरले जातील. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात कायम नेमणुकीचा एक समुपदेशक आणि नैराश्य-चिंतेची मूलभूत औषधे बाराही महिने असली पाहिजेत. हा काही चंद्र मागण्याचा प्रकार नाही. विदर्भातल्या आमदारांनी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात हा एक प्रश्न लावून धरला तरी पुष्कळ होईल. अधिवेशन भरते ते विधान भवन त्या चौकापासून काही फार दूर नाही.

आणि आपण घरी काय करायचे? घरातले माणूस दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास असेल, झोप-भूक मोडली असेल, आवडत्या गोष्टींतून त्याचे मन उठले असेल, तर ‘मन घट्ट कर’ हा उपदेश बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसावे. ‘जगणे नकोसे वाटते का?’ हे स्पष्ट विचारायला भिऊ नये. असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मनावरचे ओझे उतरायला वाट मिळते. १४४१६ या ‘टेलिमानस’च्या क्रमांकावर २०२२ पासून चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. डॉक्टरांकडे जायचे ठरलेच, तर रुग्णाला एकटे पाठवू नये. कोणीतरी सोबत जावे, जसे आपण डोळ्याच्या ऑपरेशनला जातो.

चौकाचे नाव उद्या ठराव करून बदलता येईल. लोकांच्या तोंडात जुनेच राहील, कारण ती सवय फलकाने जात नाही. एखादा मुलगा आपल्या वडिलांचा हात धरून ऑटोत बसेल आणि ‘मनोरुग्णालयात सोडा, बाबांना दाखवायचे आहे’ हे ‘मेडिकलला सोडा’ इतक्याच मोकळ्या आवाजात सांगेल, त्या दिवशी ते नाव आपोआप गळून पडेल. त्या मुलाला शेजारी म्हणून आपण काय विचारू, यावर तो दिवस किती लवकर येतो ते अवलंबून आहे. ‘बाबांची तब्येत आता कशी आहे?’ एवढेच विचारले तरी पुरे.