बाकीचे कोण करतो?

गेल्या वैशाखातली गोष्ट. आमच्या तालुक्याच्या गावी एका मंगल कार्यालयाच्या दारात मी चपला शोधत उभा होतो. पंगती उठल्या होत्या. पलीकडे वधूचे काका आणि आमचा फोटोवाला यांची देण्याघेण्याची बोलणी चालली होती. काका सुखवस्तू गृहस्थ. अंगात रेशमी सदरा, बोटांत तीन अंगठ्या. आचाऱ्याचे पैसे त्यांनी सकाळीच चुकते केले होते. मांडववाल्याचे, बँडवाल्याचे, एवढेच कशाला, घोडेवाल्याचेसुद्धा! फोटोवाल्यापाशी आल्यावर मात्र त्यांचा हात खिशातच अडकला. म्हणाले, "अहो, एवढे कसले पैसे? तुम्हाला बटण तर दाबायचं असतं!"

फोटोवाला हसला. मला खरा राग आला तो त्या हसण्याचा. पाय भाजले की माणूस ओरडतो. हा हसत होता, कारण त्याला ओरडणे परवडत नव्हते.

ऐन दिवाळीत भांडण उकरून काढू नये, हे मलाही कळते. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा शेजारी फराळाचे ताट असेल, पोरे अंगणात किल्ल्यावर मावळे मांडत असतील. पण हीच वेळ बरी आहे. आज घरातली सगळी माणसे जमलेली आहेत आणि थोड्या वेळाने त्यांतलाच कोणी तरी म्हणणार आहे, "चला, सगळ्यांचा एक फोटो काढू या." तो निघण्यापूर्वी माझे म्हणणे ऐका.

हे 'बटण' आले कुठून, त्याचा मी थोडा शोध घेतला. 1888 साली अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन नावाच्या गृहस्थाने कोडॅक कॅमेरा विकायला काढला. किंमत 25 डॉलर. आत 100 फोटोंची फिल्म भरलेली. तुम्ही बटण दाबा, बाकीचे आम्ही करू, अशा अर्थाची त्याची जाहिरात जगभर गाजली. फिल्म संपली की गिऱ्हाइकाने तो कॅमेराच उचलून रॉचेस्टरच्या कारखान्याकडे पाठवायचा. तिथे फिल्म धुऊन, फोटो छापून, नवी फिल्म भरून कॅमेरा परत यायचा. त्याचे 10 डॉलर वेगळे. म्हणजे बटणाचे पैसे एकदाच, आणि बाकीच्याचे दर खेपेला! ईस्टमन पक्का व्यापारी होता. खरे मोल कशाचे, हे त्याला ठाऊक होते. आमच्या काकांनी त्या जाहिरातीचा पहिला अर्धा भाग तेवढा पाठ केला आहे. दुसरा अर्धा भाग म्हणजे माझा मित्र.

हा मित्र शाळेत माझ्या दोन वर्षे मागे होता. त्याच्या वडिलांचा बाजारपेठेत स्टुडिओ होता. मागे रंगवलेला पडदा, त्यावर तळे, तळ्यात कमळे आणि कुठेच न जाणारा एक जिना. अंधाऱ्या खोलीत तांबडा दिवा आणि हायपोचा आंबूस वास. फिल्म गेली, पडदा गेला, दुकानाचे भाडे झेपेना म्हणून स्टुडिओही गेला. आता घराच्या पुढच्या खोलीत एक संगणक आणि एक कॅमेरा, एवढाच त्याचा संसार. लग्न-मुंजीचे फोटो, दुकानाच्या पाट्या, गणेश मंडळाचा अहवाल, साहेबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, दहाव्याचे कार्ड, जे येईल ते काम. महिन्याचा पगार नाही, रजा नाही, निवृत्तिवेतन नाही. एखाद्या वर्षी मुहूर्त कमी निघाले की याच्या घरी तेल मोजून वापरायचे.

बरे, त्या बटणाचाच हिशेब घ्या. कॅमेऱ्याचे शटर किती वेळा उघडझाप करील, याचा अंदाज कंपनीच सांगते. साधारण लाख, दीड लाख वेळा. एका लग्नात तीन हजार फोटो निघतात. म्हणजे पन्नासेक लग्ने झाली की हे यंत्र झिजणार. हे बटण फुकट दाबले जात नाही हो! पण ते असू द्या. लग्न संपून तुम्ही झोपता तेव्हा हा ते तीन हजार फोटो दोन ठिकाणी उतरवून ठेवत असतो, कारण एक ठिकाण बिघडले तर सप्तपदी पुन्हा होणार नसते. मग तीन हजारांतून तीनशे निवडायचे. कोणाचे डोळे मिटलेले, कोणाच्या तोंडात जिलबी. आत्या एकाही फोटोत नाही, असे झाले की संपलेच! मग मुलीकडचा निरोप येतो, "जरा गोरी करून द्या." इथे माझे आणि त्याचे भांडण आहे. चांगल्या सावळ्या, तरतरीत मुलींना तो खडूसारख्या पांढऱ्या करून देतो. मी बोललो तर म्हणतो, "मास्तर, मी करत नाही, करून मागतात." तेही खरेच आहे. आणि अल्बम वेळेवर देण्याच्या बाबतीत तर त्याची बाजू कोणीच घेऊ नये. माझ्या बहिणीच्या लग्नाचा अल्बम तिच्या डोहाळजेवणाला आला.

आमची खरी गट्टी जमली ती एका रफारापायी. त्याने केलेली एक लग्नपत्रिका माझ्या हाती आली. तीवर ठसठशीत अक्षरांत 'आर्शिवाद' छापला होता. मी शाळामास्तर. रात्री झोप लागेना. सकाळी त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्याने मुकाट्याने गिऱ्हाइकाच्या हातचा कागद पुढे केला. त्यावर मजकूर तसाच होता आणि खाली ताकीद होती, 'यात काहीही बदल करू नये.' तेव्हापासून त्याची प्रत्येक पत्रिका छपाईला जाण्यापूर्वी माझ्याकडे येते. तेव्हा कळले की अक्षरे मांडणे हे केवढे जिकिरीचे काम आहे. एका फॉन्टमधून दुसऱ्यात मजकूर नेला की जोडाक्षरे फुटतात, वेलांट्या भलत्याच अक्षराला जाऊन चिकटतात. मामांची नावे वयाच्या क्रमाने लागली नाहीत तर मांडवात रुसवे. हे सगळे दुरुस्त करायचे त्याने, चार-चार वेळा, आणि गिऱ्हाईक म्हणणार, "आता फक्त एक नाव तर बदलायचंय!" हा 'फक्त' आणि तो 'तर', या दोन शब्दांनी मराठी मुलखातल्या किती कारागिरांच्या घरची चूल विझवली असेल! आता तर पत्रिका यंत्रच करून देते म्हणतात. देते खरे. गेल्या वर्षी अशी एक पत्रिका आली होती. तीवरच्या गणपतीला पाच हात होते. ती घेऊन ते गृहस्थ शेवटी याच्याकडेच आले आणि म्हणाले, "एक हात तर कमी करायचाय."

आता त्या काकांकडे वळतो.

2020 साली मार्चअखेर सगळे बंद झाले. पुढे लग्नांना परवानगी मिळाली ती पन्नास माणसांपुरती. फोटोवाल्याला कोण बोलावणार? माझ्या मित्राने एक भिंग विकले आणि त्यावर चार महिने काढले. मग 2021चा चैत्र-वैशाख आला. त्या दिवसांचे वर्णन मी करणार नाही. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी ते आले होते. त्या दिवसांत याचा फोन रात्री-अपरात्री वाजायचा. एकच मागणी, "आईचा एखादा फोटो सापडतो का बघा." कारण हार घालायला घरात फोटो नव्हता. प्रत्येकाच्या खिशात मोबाईल होता, मोबाईलमध्ये हजारो फोटो होते. जेवणाचे, गाडीचे, स्वतःचे होते, आईचा नव्हता. असलाच तर आधारकार्डावरचा, ज्यात कोणतीच आई आईसारखी दिसत नाही.

त्या काकांच्या मातोश्री याच दिवसांत गेल्या. त्यांचा फोटो सापडला तो माझ्या मित्राच्या जुन्या हार्ड डिस्कमध्ये. 2009 सालच्या एका लग्नातला घोळका, त्यात मागच्या ओळीत अर्ध्या झाकलेल्या आजी, कोणाकडे तरी बघून हसताना. त्याने तो चेहरा अलगद वेगळा काढला, खांद्यावरचा परका हात पुसला, पदराचा झाकलेला काठ भरून काढला. दोन रात्री लागल्या. तो फोटो आज काकांच्या दिवाणखान्यात चंदनाचा हार घालून टांगलेला आहे, येणारा-जाणारा म्हणतो, "अगदी बोलतील असं वाटतं!" त्याचे याने काहीच घेतले नाही. सुतकात पैसे मागायचे कसे? मला म्हणाला, "मास्तर, ते फोटो मी पुसून टाकणार होतो, जागा अडते म्हणून. उगाच ठेवले होते."

बारा वर्षे उगाच! काका, ते बटण कोणते होते, ते मला दाखवा.

आम्ही मोठे लोक मोठे झाल्यावर ओळखतो. 1870 साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या एका माणसाने बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले, गोध्र्याला फोटोचा स्टुडिओ थाटला, पुढे ठसे तयार करण्याचा आणि छपाईचा उद्योग केला. म्हणजे आमच्या मित्रासारखाच गावोगाव पोट घेऊन फिरणारा कारागीर. 1913 साली त्याने 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला, आणि आता देशातला चित्रपटाचा सर्वांत मोठा सन्मान दादासाहेब फाळक्यांच्या नावाने दिला जातो. चांगलेच आहे. पण गोध्र्याच्या त्या दुकानात आपण गिऱ्हाईक म्हणून गेलो असतो तर काय बोललो असतो, हे प्रत्येकाने स्वतःशी आठवून पाहावे.

दुसऱ्याला बोलतो आहे, पण माझे हातही स्वच्छ नाहीत. 2014 साली माझी पहिली कादंबरी निघाली. मुखपृष्ठासाठी या मित्राने पहाटे चारला उठून सलग सहा दिवस कृष्णेच्या घाटावर धुक्याची वाट पाहिली. फोटो काढला, त्यावर नावाची अक्षरे स्वतःच्या हाताने रेखली. प्रकाशकाने ते मुखपृष्ठ घेतले. पैसे दिले नाहीत, आणि आत नावही छापले नाही. पहिली प्रत मी त्याला दिली. त्याने ती उघडली, श्रेयनामावलीचे पान पाहिले, उलटले, पुन्हा मागे येऊन पाहिले. मग म्हणाला, "छपाई छान आलीय." मी गप्प बसलो. पहिले पुस्तक, प्रकाशकाला दुखवायची छाती नव्हती. त्या दिवशी मीही काकाच होतो.

ज्या दिवाळी अंकांच्या परंपरेत हा लेख छापला जातो आहे, ती 1909च्या 'मनोरंजन'पासूनची. तीत चित्रकाराची अशी गत नव्हती. दीनानाथ दलालांनी 1945 साली 'दीपावली' सुरू केले. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यातली त्यांची सही लोक लांबून ओळखत, मुखपृष्ठे कापून चौकटीत लावत. सही ही चित्राची मिजास नव्हती, मजुरीची पावती होती.

शालान्त परीक्षेपलीकडे न गेलेला माणूस मी. कायद्याचे पुस्तक उघडले ते भीतभीतच. पण 1957चा कॉपीराइट कायदा बरेच स्पष्ट बोलतो. तुम्ही सांगून, मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि दुसरा काही करार नसेल, तर त्याचा हक्क तुमचा. ठीक. पण मोबदला देऊन! पैसे बुडवणाऱ्याने 'आमचाच फोटो' म्हणून मिरवायचे कशाच्या बळावर? आणि त्याच कायद्याचे 57वे कलम सांगते की हक्क विकून टाकले तरी 'ही कृती माझी' असे म्हणण्याचा कर्त्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. तेव्हा माझी मागणी काही दानधर्माची नाही. काम सांगतानाच निम्मे पैसे द्या, उरलेले हाती माल पडताच द्या, छापाल तिथे नाव छापा, आणि 'फक्त' व 'तर' हे दोन शब्द घरी ठेवून या. कादंबरीच्या नव्या आवृत्तीत त्याचे नाव येईपर्यंत मी परवानगीची सही करणार नाही, असे प्रकाशकाला कळवले आहे. दहा वर्षांहून उशीर झाला.

हा लेख मी त्याला वाचून दाखवला. लिहिताना त्याचे नाव सात ठिकाणी आले होते. त्याने शांतपणे ऐकले, शटरच्या हिशेबातली माझी एक चूक दुरुस्त केली आणि म्हणाला, "सगळं ठीक आहे मास्तर, पण माझं नाव काढ. तुळशीचं लग्न झालं की सराई सुरू. काकांच्या धाकटीचं मार्गशीर्षात आहे."

मी नाव काढले; सातही ठिकाणचे.

मग तो उठून कॅमेरा घेऊन आला. "लेखाशेजारी तुझा फोटो लागेल ना? बस तिकडे, खिडकीकडे तोंड कर."

"आधी पैसे किती ते सांग," मी म्हटले, "मग बसतो."

आकडा सांगायला त्याला बराच वेळ लागला.