रविवार विकणे नाही

‘वेळ नाही’ हे दोन शब्द आज आपल्या समाजाचा नवा विश्वासांगीकार होऊन बसले आहेत. रोजरीला वेळ नाही, आजाऱ्याच्या घरी जायला वेळ नाही, जेवताना मुलांशी चार शब्द बोलायला वेळ नाही. असे म्हणणारे खोटे बोलतात, असा आमचा आरोप नाही. विरारहून पहाटेची गाडी पकडणाऱ्या आणि रात्री तशाच गर्दीत परतणाऱ्या माणसाचा दिवस खरोखरच संपलेला असतो. आमचा वाद त्याच्या थकव्याशी नाही. त्या थकव्यावर आज जे दोन उपाय सुचविले जातात, त्यांच्याशी आहे.

पहिला उपाय असा, की धर्म आटोपशीर करावा. मिस्सा शनिवारी संध्याकाळी उरकावी, म्हणजे रविवार सहलीला, शिकवणीला आणि बाजारहाटाला मोकळा. दुसरा उपाय अधिक गोड आहे. प्रार्थना करा म्हणजे मन ताजे होते, झोप लागते आणि सोमवारी कामाला दुप्पट जोर येतो, असे तो सांगतो. पहिल्या उपायात देव ही अडचण ठरते, दुसऱ्यात तो औषधाची गोळी ठरतो. दोन्ही ठिकाणी धनी मात्र एकच, आणि तो म्हणजे काम.

बायबलला हा धनी मान्य नाही. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात विसाव्याची आज्ञा येते, तेव्हा ती घरधन्यापाशी थांबत नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि दाराशी आलेला परका, सर्वांना ती विसावा देते. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात तर तिचे कारणही सांगितले आहे: तुम्ही मिसर देशात गुलाम होता, हे विसरू नका. म्हणजे हा विसावा गुलामगिरीतून सुटल्याची खूण आहे. ज्याला थांबता येत नाही, तो पगार कितीही घेवो, मिसरातच आहे.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. नारायण मेघाजी लोखंडे हे ख्रिस्ती नव्हते. ते जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली. १८९० च्या एप्रिलमध्ये मुंबईत भरलेल्या कामगारांच्या प्रचंड सभेत दोन स्त्री-कामगारही बोलल्या. त्याच वर्षी १० जून रोजी गिरणीमालकांना रविवारची सुट्टी मान्य करावी लागली. पुढच्याच वर्षी, १८९१ साली, पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात कामगाराच्या विसाव्याचा कैवार घेतला आणि हा विसावा म्हणजे नुसते रिकामे बसणे नव्हे, तो उपासनेने पवित्र व्हावा, असे बजावले. इतक्या कष्टाने मिळालेला दिवस आज आपण होऊन शिकवणीवर्गाच्या आणि दुकानदाराच्या हाती देणे, याला कोणती प्रगती म्हणावी?

येथे कोणी म्हणेल, शनिवारची मिस्सा ख्रिस्तसभेनेच मान्य केली आहे. होय, १९८३ च्या धर्मनियमसंहितेत ती मुभा आहे, आणि पाळीवर जाणाऱ्या परिचारिकेला किंवा बसचालकाला ती फार मोलाची आहे. पण त्याच्या आधीचे १२४७ वे कलमही वाचावे. उपासनेच्या, प्रभूच्या दिवसाच्या आनंदाच्या आणि तनामनाच्या विसाव्याच्या आड येणारी कामे टाळा, असे ते सांगते. मिस्सा शनिवारी झाली, म्हणून रविवार बाजारात मांडायला मोकळा होत नाही.

आणि आपल्या घरांतला रविवार तरी कोणाचा आहे? सकाळी मिस्सा, मग मटण, मग पाहुणे, मग आठवड्याचे कपडे. घरातल्या बाईला हा सातांतला सर्वांत जड दिवस. कामाला येणारी बाई रविवारीही येते, आणि उन्हातून पार्सल घेऊन धावत येणारा मुलगा कोणाचा तरी मुलगाच असतो. दुसऱ्याला धावायला लावून मिळविलेली शांती ही प्रभूची शांती नव्हे.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. रविवारचे जेवण साधे करा, आणि जे असेल ते पुरुषांनी व मुलांनीही रांधावे. कामाच्या बाईला त्या दिवशी पगारी सुट्टी द्या. त्या दिवशी घरपोच काही मागवू नका. संध्याकाळी आंजेलूसची घंटा ऐकू येवो न येवो, दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद करून तीन ‘नमो मरिया’ उभ्याने म्हणा. तीन मिनिटेही लागत नाहीत. निजण्यापूर्वी संत इग्नाशियस लोयोला यांनी शिकविलेले आत्मपरीक्षण करा: आज देवाने काय दिले, आणि आपण कोणाला दुखावले? आणि धर्मग्रामाच्या समित्यांनी आपल्या बैठका रविवारच्या दुपारी ठेवू नयेत. देवाच्या नावाने केलेली धावपळ हीही धावपळच.

हे सारे केल्याने कामे वाढतील की घटतील, आम्ही सांगत नाही. काही कामे राहून जातील, हे नक्की. ती राहू द्यावीत. प्रेषित दमून परतले, लोकांची रीघ लागलेली होती, जेवायलाही सवड नव्हती. तरी प्रभूने त्यांना एकांतात चला, थोडा विसावा घ्या, असेच सांगितले. मार्कच्या सहाव्या अध्यायातली ही हाक आपल्या काळजीने दिलेली आहे. तिला ‘वेळ नाही’ असे उत्तर देण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने येत्या रविवारी एकदा एकत्र बसून विचार करावा.